तिवरखारची पाण्याची माळ

फार वर्षांपूर्वी, खाडीत फक्त शिडांचीच गलबतं ये-जा करत होती त्या काळी, तिवरखार गावाच्या किनाऱ्याला एक चिनी सुतार लागला. त्याचं जहाज खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटलं होतं. आपल्या हत्यारांच्या पेटीला मिठी मारून तो दोन दिवस लाटांवर तरंगत होता, आणि पेटीत पाण्याचा थेंबही शिरला नव्हता, असं म्हणतात. त्याचं नाव आसेंग.

येसू नावाच्या कुणबी विधवेने त्याला उचलून ओसरीवर आणलं आणि वाडगाभर पेज पाजली. त्या दिवशी तिच्या घरात तांदूळ तेवढाच होता.

आसेंगला जहाजावरच्या कोकणी खलाशांची बोली मोडकीतोडकी येत होती. वाडगा रिकामा करून तो म्हणाला, "ही पेज मी तुला परत देणार नाही."

"मागितली कुणी?" येसू म्हणाली.

मग त्याने आपली हकिकत सांगितली. त्याच्या मुलखातली माणसं पोटासाठी समुद्र ओलांडून पिनांग बेटावर जात. तिथे आधी जाऊन राहिलेल्यांनी एक भाईबंदांचं घर बांधलं होतं. नवा माणूस बंदरावर उतरला की त्याला त्या घरात पहिला वाडगा भात मिळे. आसेंगलाही मिळाला. हे कसं फेडू, असं त्याने वाढणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, "मला नको. तुझ्या मागून येईल त्याला दे." याच रिवाजावर ती माणसं तगली. त्यांनी कथिलाच्या खाणी खणल्या, दुकानं घातली, आणि जिथे नुसती दलदल होती तिथे बाजार उभे केले.

येसूने रिकामा वाडगा उचलला. "तुझ्या मागनं कोण येणार हितं, बाबा? हितनं तर लोक निघालेत."

ते खरंच होतं. तिवरखारची शेती खाडीच्या कुशीत, एका लांब मातीच्या बांधाच्या आधारावर होती. दोन वर्षांपूर्वी वादळात त्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत घुसलं. पाणी बाहेर सोडायची झडप, जिला तिथे उघाडी म्हणतात, ती गाळाखाली गाडली गेली. दर वर्षी लोक खांड बुजवत. पण आतल्या पाण्याला वाट नसल्यामुळे बांध दोन्ही अंगांनी भिजत राही आणि पुढच्या उधाणाला पुन्हा फुटे. तिसऱ्या वर्षीही खारं पाणी साचलं की जमीन कायमची मरते, असं जाणती माणसं सांगत. हे तिसरं वर्ष होतं. येसूच्या दिराने होडीत भांडीकुंडी भरायला सुरुवात केली होती.

आसेंग बांधावर जाऊन उभा राहिला. समोरचं साचलेलं पाणी पाहून त्याला कथिलाची खाण आठवली. खाणीतही असंच पाणी भरे, आणि त्याचे भाईबंद ते लाकडाच्या साखळीने वर ओढून फेकत.

त्याने फुटलेल्या जहाजाच्या फळ्या गोळा केल्या. सोळा हात लांबीची एक पन्हळ केली. तिच्यातून फिरणारी, हातभर अंतरावर आडवी फळी असलेली लाकडी साखळी ओवली. वरच्या आसाला पायटे, म्हणजे पाय ठेवायच्या फळ्या, बसवले. त्यांवर उभं राहून जिना चढल्यासारखे पाय टाकले की साखळी फिरे आणि प्रत्येक फळी आपल्यापुरतं पाणी वर घेऊन येई. साऱ्या यंत्रात लोखंडाचा एक खिळा नव्हता, असं म्हणतात. लोकांनी त्याचं नाव ठेवलं पाण्याची माळ.

वैशाखातली अष्टमी आली. त्या दिवसांत भरती नरम असते. गावाने एका दिवसात खांड बुजवली. पौर्णिमेच्या उधाणाआधी आतलं पाणी हटलं तरच बांध टिकणार होता.

आसेंग पायट्यांवर चढला आणि त्याने हाक मारली, "या, एकाच्या शेजारी एक."

कुणीही पुढे आलं नाही.

त्याला वाटलं, यांचा यंत्रावर विश्वास नाही. पाणी येताना दिसलं की येतील. म्हणून तो एकटाच चढत राहिला. दोन दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. त्याची पावलं फुटली. पाणी चार बोटं उतरलं, आणि लोक बांधावर बसून नुसते बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी येसूने त्याच्या पायांना कोकमाचं तेल लावलं. तो म्हणाला, "मी परका, म्हणून येत नाहीत का?"

"तसं नाय रे. तू तिला पाय लावतोस." येसू म्हणाली. "आमच्यात नांगराला, सुपाला, कोयत्यालासुद्धा चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात. आन् तू तर तिच्यावर चढून नाचतोस."

आसेंग थक्क झाला. खाणीत हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

येसू उठली आणि बांधावर गेली. गावचे वडीलधारे धाकू गावकर तिथे बसले होते.

"आबा, या की चढायला."

"जी भाकर देणार तिला लाथा घालायच्या? नाय जमायचं."

"चिखलणीला काय डोक्यावर उभे राहता? शेतातच पाय घालता ना?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आबा म्हणाले, "शेताची गोष्ट येगळी. शेतात उतरायच्या आधी आपण मातीला हात लावतो. माफी मागतो."

"मग हिची पण मागू," येसू म्हणाली. तिने वाकून कपाळ पायट्याला टेकलं आणि मग पाय ठेवला.

आबा उठून माळेपाशी आले. मग त्यांनी मुंडासं उतरवून बाजूला ठेवलं, कपाळ टेकलं आणि तिच्या शेजारी चढले. आसेंगही मागून आला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याने आपल्याच हातांनी घडवलेल्या लाकडाला नमस्कार केला आणि तो पुन्हा वर चढला.

त्यानंतर माळ थांबली नाही. गावातलं एकही पाऊल मागे राहिलं नाही. येसूच्या दिराने होडी तशीच सोडली आणि तो धावत आला. माळ इतक्या वेगाने फिरली की खाडीतले मासे मागे वळून बघत होते, असं म्हणतात. पौर्णिमेला सकाळी तळाचा चिखल दिसला. भर दुपारी उधाण आलं. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्यापासून बोटभर खाली थांबलं, क्षणभर तिथेच उभं राहिलं, आणि परतलं.

लोकांनी गाळाखालची उघाडी उकरून मोकळी केली, आणि पावसाने धुतलेला जमिनीतला खार तिच्यातून वाहून गेला. त्या वर्षी पीक बेताचंच आलं, दुसऱ्या वर्षी चांगलं आलं, आणि तिसऱ्या वर्षी तिवरखारचा भात गलबतं भरून बंदरावर गेला.

त्याच सुमाराला पलीकडच्या काठावरचं एक कुटुंब बोचकी घेऊन आलं. त्यांचंही शेत बुडालं होतं. आसेंगने येसूच्या चुलीवरची पेज त्याच जुन्या वाडग्यात स्वतः वाढली. त्यांच्यातला कर्ता पुरुष संकोचून म्हणाला, "हे कसं फेडायचं?" आसेंगने येसूकडे पाहिलं. उत्तर तिनेच दिलं.

पुढे तो त्यांच्याबरोबर पलीकडे गेला, पेटी खांद्यावर घेऊन. तिथून पुढच्या गावी, तिथून त्याच्याही पुढे. खाडीकाठच्या कुणी सात, कुणी अकरा गावांत त्याने माळा बसवल्या असं सांगतात. नक्की आकडा कुणालाच ठाऊक नाही. त्याचं शेवटी काय झालं, तेही ठाऊक नाही. तो पिनांगला परतला असं कुणी म्हणतात. जिथे बांध फुटतो तिथे अजून तो सर्वांच्या आधी पोचतो, असंही म्हणतात.

तिवरखारला आता सिमेंटची उघाडी आहे. तरी वैशाखातल्या अष्टमीला माळेची उरलेली एक पायट्याची फळी बांधावर आणतात. तिच्यावर पावलाएवढा खळगा पडलेला आहे. ज्याला-त्याला वाटतं की तो आपल्याच पावलाच्या मापाचा आहे. प्रत्येक जण कपाळ टेकतो आणि मग पाय ठेवतो.

त्यानंतर गावात सर्वांत शेवटी आलेल्या माणसाला मानाची पेज देतात. कधी ती नवी सून असते, कधी वीटभट्टीवरचा मजूर, एकदा बदली होऊन आलेल्या शिक्षिका होत्या. पेज पिऊन झाली की वाडगा धुऊन परत द्यायला माणूस उठतो, आणि सारा गाव त्याला खाली बसवतो.

"ठेवा जवळ. तुमच्या मागनं येईल त्याला लागंल."