पैलवानाची पाठ

“खाल्लं तवा शिव्या दिल्या. खाणं सोडलं तर पोटात खडं झालं. मग माणसानं करायचं तरी काय, वस्ताद?”

जोतिराम चव्हाण तालमीच्या दारातूनच ओरडला. पायातल्या वहाणा काढायचंही त्याला सुचलं नाही, इतका तो तापला होता.

बाबालाल वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कठड्यावर बसले होते. ऐंशी उलटलेला म्हातारा, पण बसणं अजून ताठ. आत दोन पैलवान कुदळीनं तांबडी माती उकरत होते.

“वहाणा,” वस्ताद म्हणाले.

जोतिरामनं त्या काढल्या. काढल्या कसल्या, भिरकावल्या.

एके काळी ह्याच हौद्यात त्याच्यापुढं उभं राहायला गडी मिळत नसे. पुढं कुस्ती सुटली, खुराक मात्र सुटला नाही. तूप, बदाम, मटण, थंडाई, सगळं तसंच चालू. जोर-बैठका तेवढ्या गेल्या. पोट सुटलं, रक्तात साखर आली. वस्ताद दिसेल तिथं त्याला फैलावर घेत आणि तो हसण्यावारी नेई. यंदा जत्रेच्या मैदानात तो पंच म्हणून उतरला, तेव्हा काल-परवाची पोरं त्याच्या पोटाकडं बघून फिदीफिदी हसली.

झालं. मानी माणूस, त्यानं अन्नच टाकलं. लिंबूपाणी आणि कोरा चहा, बाकी काही नाही. बघता बघता सदरे लोंबायला लागले आणि हा गावभर शड्डू ठोकत फिरू लागला. मग एका सकाळी उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली, की एवढा गडी भिंतीला डोकं टेकून रडला. त्या रडण्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला होता.

“डॉक्टर काय म्हणाला?” वस्तादांनी विचारलं.

“पित्ताच्या पिशवीत खडं हायत म्हणं. सुजलीया ती. आजच्या आज दाखल व्हा, पिशवी काढाय पायजे. फुटली तर जिवावर बेतंल.”

“कशानं झालं?”

“म्हणं, आदी चरबी चढली, पित्त दाट झालं. मग एकदम उपाशी ऱ्हायला, तर पिशवी हललीच न्हाई. आत साचून गोठलं. अवो, उपाशी माणसाच्या पोटात खडं कुठनं येतील? येडा समजतोय काय मला!”

वस्तादांनी हौद्याच्या पलीकडच्या कोपऱ्याकडं बोट केलं. जत्रेच्या गडबडीत तिथं कुदळ लागायची राहून गेली होती.

“त्या कोपऱ्यात हात घाल.”

जोतिराम धुसफुसत हौद्यात उतरला. वाकताना बरगडीखाली चमक आली, ती त्यानं ओठ चावून गिळली. बोटं मातीत शिरेनात. नख मोडलं. शेवटी एक ढेकूळ उचकटून हातात आलं.

“ह्या मातीत काय काय घातलंय?”

“आता हे मधीच काय...”

“सांग.”

“ताक. तेल. हळद, लिंबू.”

“खुराक कमी पडला तिला?”

“न्हाई.”

“मग दगूड का झाली?”

जोतिरामनं ढेकूळ हातात उलटंपालटं केलं.

“कुणी हलवलीच न्हाई,” तो हळू आवाजात म्हणाला.

वस्तादांनी नुसती मान डोलावली. त्यानं तो जास्तच भडकला. ढेकूळ त्यानं हौद्याबाहेर फेकून दिलं.

“बरं, माझं चुकलं! झालं समाधान? आता पाला द्या. सगळा मुलूख हाडं बसवाय तुमच्याकडं येतोय. मलाबी काय तरी द्या, खडं पाडा.”

“माझा पाला हाडाला. ह्याला सुरीच.”

“मग मरू दे मला.”

“का?”

जोतिरामनं तोंड फिरवलं. कुदळी थांबल्या.

“का रं?” वस्तादांचा आवाज चढला. “एवढा भ्यालास सुरीला?”

“सुरीला कोण भितंय!” जोतिरामचा आवाज फाटला. “तिथं मला उताणं निजवणार, वस्ताद. भूल देऊन. परकी माणसं भोवतीनं उभी ऱ्हाणार आन् मी त्यांच्यापुढं चीत. आजवर ह्या पाठीला कुणी माती लावली न्हाई. झोपतानासुदीक मी कुशीवर झोपतो. तुम्हीच शिकवलंय. पैलवानानं झोपेतबी पाठ टेकायची न्हाई. तुमची लागली न्हाई, माझीबी लागणार न्हाई. जीव गेला तरी चालंल.”

वस्तादांचा चेहरा लालबुंद झाला. हे त्यांचेच शब्द होते. कितीतरी पोरांना त्यांनी ते कान पिळून पाठ करायला लावले होते.

“असं,” ते म्हणाले. “मी शिकवलं.”

त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून कठड्यावर ठेवला. कठड्याला धरून ते हौद्यात उतरले. आता म्हातारा कानफटात लगावणार, असं पैलवानांना वाटलं. जोतिरामनंही मान खाली घातली. मार खाल्ला तर बरंच, निदान हे भांडण तरी मिटेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

वस्ताद त्याच्या शेजारून पुढं गेले. हौद्याच्या मधोमध बसले. मग दोन्ही हात मागं टेकून हळूहळू आडवे झाले... एक खांदा टेकला, मग दुसरा. पांढऱ्या सदऱ्याला तांबडी माती लागली.

एका पैलवानाच्या हातातली कुदळ खाली पडली.

“वस्ताद!” जोतिराम धावला. “हे काय करताय? उठा!”

त्यानं पुढं केलेला हात वस्तादांनी झिडकारला.

“छपराचं एक कौल फुटलंय,” ते वर बघत म्हणाले. “साठ वर्सं इथं हाय, पण दिसलं न्हवतं.”

“अवो, कुणी बघंल! उठा म्हणतो ना!” जोतिरामचे डोळे भरून आले होते, आणि तो अजूनही ओरडतच होता. “लेको, बघताय काय? उचला त्यास्नी!”

दोघे पैलवान पुढं झाले.

“हात लावू नगा,” वस्ताद मातीतूनच गरजले. “आदी त्यो दवाखान्यात उताणा निजून येऊ दे. मग मी उठतो.”