शिवणीच्या आळ्यातल्या दूर्वा

“मग माझंच रोप का खुरटलं, बुवा?”

सगुणाबाईंनी विचारलं, तेव्हा मठातले नरहरबुवा उतारावर बसून खुरप्याची माती पुसत होते.

मठामागच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरावर गावानं जंगल लावायला घेतलं होतं. घरटी एक रोप. बाकीच्यांची झाडं खांद्याला लागली. सगुणाबाईंची शिवण काही गुडघ्याच्या वर यायला तयार नव्हती.

ती शिवण मोरेश्वराच्या नावाची. गणपतीला नवस बोलून झालेला एकुलता एक लेक. घर सोडून गेला, त्याला दोन पावसाळे झाले. सुखरूप आहे, एवढा निरोप कुणाकडून तरी यायचा. तो यायचा नाही. शिवण डोक्यावर गेली की तो दारात उभा राहील, असं सगुणाबाईंनी मनाशी धरलं होतं.

“पाणी घालतेस?”

“रोज. अथर्वशीर्ष म्हणत घालते. चतुर्थीला तर आधी हिला पाणी, मग माझ्या तोंडात घास.”

“चल, बघू.”

शिवणीचं आळं दूर्वांनी भरलं होतं. गादीसारख्या दाट, पार बुंध्याला भिडलेल्या.

“या आपणहून आल्या?”

“छे हो! मी लावल्या. गणपतीनं दिलेला मुलगा, त्याच्या झाडाशी दूर्वा नकोत?” सगुणाबाईंना जरा अभिमानच वाटला. “तण म्हणाल, तर एक काडी ठेवलेली नाही मी. शेजारच्या आळ्यांतून बघा, काय काय माजलंय ते!”

“हत्तीचं तोंड असलं म्हणून काय झालं,” बुवा पुटपुटले, “एवढ्या त्यालाही संपायच्या नाहीत.”

त्यांनी खुरप्याच्या टोकानं दूर्वांची गादी थोडी उचकटली. मुळांच्या जाळीत चांगली ओल होती. त्याखाली, शिवणीच्या मुळाशी, माती कोरडी ठणठणीत.

सगुणाबाई बघत राहिल्या.

“मोरेश्वर जाताना काय म्हणाला होता गं?”

“…म्हणाला, आई, माझ्यासाठी आता काही काही करू नकोस.”

“मग?”

“मग काय… मी मंगळवार धरले.”

बुवा हसले नाहीत. त्यांनी मूठभर दूर्वा धरल्या आणि मुळासकट उपटल्या. सगुणाबाईंनी घाईनं त्यांचा हात धरला.

“अहो बुवा! देवाच्या आहेत त्या!”

“हो ना.”

त्यांनी माती झटकली, दूर्वा सगुणाबाईंच्या पदरात घातल्या आणि खुरपं त्यांच्या हातात दिलं.

“देवाच्या आहेत, तर देवाकडे ने.”

सगुणाबाई खाली बसल्या. दूर्वा उपटायला लागल्या. प्रत्येक जुडी त्या कपाळाला लावत होत्या, पदरात ठेवत होत्या. हळूहळू काळी माती दिसायला लागली. मधोमध ती शिवण… दोन-चार पानांची, उघडी.

“किती एकटी दिसते हो…”



खालून वारा आला. शिवणीची पानं हलली. आजवर दूर्वांत अडकून बसलेलं खालचं पानसुद्धा हललं.

सगुणाबाईंनी डोळे पुसले. गालाला माती लागली. खाली गावाकडून येणारी वाट त्यांनी एकदा पाहून घेतली. रिकामी होती.

“बुवा… येईल ना तो?”

बुवा वाटेकडे बघत होते.

सगुणाबाईंनी पुन्हा खुरपं उचललं.

“कुठवर काढू?”

“हिच्या सावलीपर्यंत.”

सगुणाबाईंनी पाहिलं. सावली कसली, तळहाताएवढा काळा ठिपका.

“एवढीशी तर आहे! तेवढं तर केव्हाच झालं.”

“आजची नव्हे, सगुणे…” बुवा म्हणाले. “तुम्ही दोघं बसाल ती.”