विणकरणीचा शालू

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत होता. त्याला एक मुलगी होती. आई लहानपणीच गेलेली. पोरगी स्वभावाने लाख, पण अंगाने ठेंगणी आणि गोलमटोल. गावातली टवाळ मंडळी तिला 'कणगी' म्हणत. ती हसून साजरं करी, आणि घरी येऊन चुलीपुढे डोळे पुसी. विचारलं तर म्हणे, धूर झालाय.

अशा पोरीला पैलतीरावरच्या सराफाच्या घरून मागणी आली. झालं! नावाड्याने गाव डोक्यावर घेतलं. पण घोडं शालूपाशी अडलं. बाजारातला जो शालू अंगाला लावावा, तो रुंद काठांचा. आरशात बघावं तर धान्याच्या कणगीला जरीचं कापड गुंडाळल्यासारखं.

"राहू दे बाबा," पोरगी म्हणाली, "मी साध्या लुगड्यातच उभी राहते."

हे एका म्हाताऱ्या विणकरणीच्या कानावर गेलं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिने पोरीला घरी बोलावलं आणि पेटीतून आपल्याच लग्नाचा शालू काढला.

"हा घे. माझ्या म्हाताऱ्याने माझ्यासाठी विणला होता. मीही तुझ्यासारखीच होते ना, बुटकी नि गुबगुबीत! म्हणून काठ बघ कसा बारीक घेतलाय. बुट्ट्या खाली दाट, वर विरळ. नेसलं की बाई शेवग्याच्या शेंगेसारखी दिसते."

आता त्या शालूची करामत काय सांगावी! एकदा म्हणे पाटलीणबाईंनी तो म्हातारीकडून मागून नेला आणि नेसून गोठ्यात पाऊल टाकलं, तर त्यांच्या म्हशीने त्यांना ओळखलंच नाही. कोणी परकी बाई आली समजून दोन दिवस दूध दिलं नाही. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

म्हातारीने पोरीला शालू नेसवला. पोरीने आरशात पाहिलं, गिरकी घेतली आणि परत पाहिलं.

"किती द्यायचे याचे?" नावाड्याने भीतभीत विचारलं.

"द्यायचं काही नाही. लग्नाच्या दिवशी नेसवीन मात्र मीच. आणि कुणी विचारलं, तर माझ्या घरातला आहे एवढं सांगा."

पोरगी तिच्या गळ्यात पडली. "तुमच्या घरातला कशाला? माझ्या आईचा आहे म्हणून सांगेन!"

म्हातारी त्या दिवशी जेवली नाही. आनंदाने भूकच राहिली नाही तिला. पुढे लग्नापर्यंत पोरगी रोज तिच्याकडेच असे. म्हातारी तिच्या केसांना तेल लावी, "पोरी, मान सरळ ठेव गं" म्हणून टपली मारी आणि ताटात गरम भाकरी वाढी. दोघींना कुणीतरी मिळालं होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरी मांडवात आली आणि बायका बघतच राहिल्या. टवाळांची तोंडं बंद झाली. म्हातारी मागे उभी राहून पुन्हा पुन्हा नवरीचा पदर सारखा करत होती.

तेवढ्यात सासूबाई जवळ आल्या. त्यांनी शालूचा काठ चिमटीत धरला. "काय सुरेख दिसतेस गं! कुठला शालू? कुणाचा उतरलेला तर नाही ना? आमच्या घरात दुसऱ्याचं नेसत नाहीत हो."

आजवर तिला कुणी सुरेख म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही सासूबाई. नवाकोरा आहे."

"आणि ही म्हातारी कोण? मघापासून तुझ्या अंगाला चिकटलीय."

पोरीने मागे पाहिलंच नाही. "ती होय? ती नेसवणारी बाई आहे."

पदरावरचा हात थांबला. एक शब्द, आणि सराफाच्या घरची वाट पोरीला बंद झाली असती. म्हातारीने तो उच्चारला नाही.

"होय हो," ती म्हणाली, "नेसवणारीच मी."

"मग झालं की तुझं काम! हिला सुपलीभर तांदूळ द्या गं."

म्हातारीने पदर पसरून तांदूळ घेतले. मांडवात अक्षता पडल्या, तेव्हा ती घरच्या वाटेला लागली होती.

दिवाळसणाला पोरगी माहेरी आली. शालू घेऊन ती थेट विणकरणीच्या दारात गेली आणि तिच्या पायांवर पडली. "आई, चुकले मी. हवं तर मारा मला!"

म्हातारीने तिला हलकेच उठवलं. "या बाईसाहेब. नेसायचा आहे का?"

"बाईसाहेब काय म्हणता? मला पोरी म्हणा ना!"

म्हातारीने शालू हातात घेतला. तिने निऱ्या घातल्या, एकसारख्या, चापूनचोपून. पदर काढला. हात तेच होते, मायाळूच होते. मग कोपऱ्यातून तिने रिकामी सुपली आणली आणि पुढे धरली.

"सुपलीभर तांदूळ होतात, बाईसाहेब."

पोरगी तिथेच उभ्या उभ्या रडली. शालू तिला आजही शोभत होता, काकणभर जास्तच. मग तिने घरून तांदूळ आणून सुपली भरली. पुढे दर सणाला ती यायची, नेसून घ्यायची, सुपली भरायची. म्हातारी गेली, त्या वर्षापर्यंत.

तात्पर्य: दुसऱ्याचं वस्त्र नेसल्याने कुणी हलकं होत नाही. पण ज्या हाताने ते प्रेमाने नेसवलं त्याला चारचौघांत परकं म्हटलं, तर तो हात कायमचा परका होतो.