रंध्याची नवी मूठ

एकदा एक कारकून नोकरीला कंटाळून जुनी हत्यारे दुरुस्त करायला शिकू लागला. वीस वर्षे त्याने इतरांच्या मसुद्यांतल्या चुका सुधारल्या होत्या. त्यामुळे मसुदे सुधारले नाहीत, लिहिणारेही सुधारले नाहीत; तो मात्र थकला. लोखंड निदान उलट उत्तर देत नाही, अशा विचाराने त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि गावाबाहेरच्या एका वृद्धाचे शिष्यत्व पत्करले.

या वृद्धाच्या पडवीत करवती, पटाश्या, वाकस, रंधे आणि किल्ल्या हरवलेल्या हत्यारपेट्या यांचा मोठा संसार होता. समोरच्या भिंतीवर सत्तावीस हत्यारे टांगलेली होती आणि सगळी आरशासारखी लखलखीत होती. शहरातून माणसे ती पाहायला येत, फोटो काढत, पूर्वीच्या कारागिरीबद्दल उसासा टाकत आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत. शिष्याला वाटे, आपल्या हातची एखादी वस्तू त्या भिंतीवर गेली की जन्माचा शीण उतरेल. वृद्ध मात्र त्या भिंतीकडे पाठ करून बसत असे.

दीड वर्षात शिष्य तरबेज झाला. एकदा वृद्ध डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पंधरा दिवस तालुक्याला गेला असताना एक म्हातारा सुतार फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला.

"रंधा आहे जी. विलायती, लोखंडी. चार महिने अंथरुणाला होतो, तेवढ्यात गंज चढला."

"नाव?" शिष्याने वही उघडली.

"येसबा सुतार. नुसता गंज काढा आन् पात्याला धार लावा. बाकी कशाला हात लावू नका. शाळेच्या आठ दारांचं काम घेतलंय. दुखण्यातनं उठल्यावरचं पहिलंच काम."

"पुढच्या सोमवारी या."

हे सगळे शिष्याने मान वर न करता उरकले. समोरच्या माणसाकडे न पाहता त्याचे काम करण्याची कला त्याला नोकरीने शिकवली होती आणि ती पेन्शनीसारखीच तहहयात होती.

येसबा गेल्यावर त्याने फडके सोडले. रंधा उत्तम होता, पण त्याची लाकडी मूठ पाहून शिष्याचे मन विटले. खालचा अर्धा भाग कुणीतरी तासून टाकलेला, एका बाजूला वेडीवाकडी खोबण कोरलेली आणि वरून मळकट सुती पट्टी गुंडाळलेली. एवढ्या सुंदर अवजाराची ही दशा करणाऱ्याचे हात तरी कसे धजले, असे त्याच्या मनात आले. 'बाकी कशाला हात लावू नका' हे वाक्य त्याला आठवले; पण अडाणी माणसाला आपल्या वस्तूचे मोल कळत नसते, हा शेराही त्याच्यापाशी तयार होता.

त्याने जुन्या सूचीपत्रातले चित्र समोर ठेवून शिसवाची नवी मूठ घडवली. चार दिवस घासली, तीन हात पॉलिश दिले. जुनी मूठ लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखालच्या चुलीत घातली. सरस लवकर उकळला.

सोमवारी येसबा आले. रंधा पाहून त्यांनी नव्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी पडवीतल्या एका फळीवर तो ठेवला, मूठ धरली आणि पुढे रेटला. रंधा तिरपा होऊन घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. शिष्य शेजारीच उभा होता. पण पॉलिशवर उन्हाची तिरीप पडली होती आणि ती फार देखणी दिसत होती.

"हत्यार झ्याक झालंय," येसबा म्हणाले. "तुमच्या कामात खोट न्हाई. हातच गेला माझा. दुखण्यानं बळ न्हेलं."

"वयच आहे आता. विश्रांती घ्या," शिष्याने सांगितले.

"घ्यावीच लागंल. मास्तरांना सांगतो, दारं दुसऱ्या कुणाला द्या. ह्यो राहू द्या तुमच्याकडंच. घरी डोळ्यांपुढं नको."

ते हळूहळू निघून गेले. शिष्याला वाईट वाटले, पण फार वेळ नाही. त्याने भिंतीवर अठ्ठाविसावा खिळा ठोकला.

चार दिवसांनी वृद्ध परतला. नव्या डोळ्याने त्याने आधी भिंतच पाहिली.

"हा येसबाचा रंधा ना?"

"हो, बाबा. ठेवूनच गेले ते. हातात बळ राहिलं नाही म्हणाले. शाळेचं कामही सोडलं."

"जुनी मूठ कुठंय?"

"ती कुणीतरी पार विद्रूप करून ठेवली होती. जाळली."

 वृद्ध तांब्याभर पाणी प्याला, सुतळी शोधली आणि म्हणाला, "साहेब, उजवा हात पुढं करा."

त्याने शिष्याची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तळहातात दुमडून घट्ट बांधले. मग भिंतीवरचा रंधा उतरवून त्याच्यापुढे ठेवला आणि एक खडबडीत सागाची फळी दिली.

"ही सपाट कर."

"बाबा, याचा अर्थ?"

"फळी सपाट झाली की सांगतो. तोवर सुतळी सोडायची नाही. जेवतानाही नाही."

शिष्याला वाटले, शस्त्रक्रियेतली भूल अजून उतरलेली नसावी. पण शिष्यत्व पत्करले होते. पहिल्या दिवशी रंधा शंभरदा घसरला आणि फळीवर ओरखडेच उठले. आमटीभात हातापेक्षा कोपरावर जास्त गेला, सदऱ्याची बटणे तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तळहाताच्या कडेला फोड आला, म्हणून त्याने मुठीवर धोतराची पट्टी गुंडाळली. पकड किंचित सुधारली, पण मनगट भरून आले. मुठीचा खालचा भाग मधे येत होता आणि अंगठ्याला टेकायला जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पटाशी उचलली. तीन हात पॉलिश दिलेल्या शिसवावर पहिला घाव घालताना त्याला आपलाच दात उपटल्यासारखे झाले. खालचा भाग तासला. एका बाजूला अंगठ्यापुरती खोबण कोरली. पट्टी पुन्हा गुंडाळली. रंधा फळीवर ठेवून रेटला आणि लाकडाचा एक लांब, अखंड छिलका वर आला.

शिष्याने मुठीकडे पाहिले. चुलीत घातलेलीच मूठ पुन्हा त्याच्यासमोर होती, जरा कमी कौशल्याने केलेली.

"बाबा, येसबांची बोटं..."

"दोन गेली. लाकडाच्या वखारीत, तीस वर्षांपूर्वी," वृद्ध सुतळी सोडत म्हणाला. "तुझ्यासमोर दोनदा उभा राहिला तो. मूठ मोडलेली नव्हती रे. ती दुरुस्त केलेली होती. त्यानंच केली होती, आणि त्या दुरुस्तीवर त्यानं तीस वर्षं पोट भरलं. तू ती दुरुस्ती मोडलीस. आणि वाईट हे की, तुझं काम इतकं देखणं झालं की त्याला खोट स्वतःतच दिसली."

"पण मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस. सरकारी मान ती, कशालाही डोलते."

 वृद्धाने भिंतीकडे बोट केले. आवाज थकलेला होता. "लोक बघायला येतात ना, त्यातली निम्मी मी अशीच बिघडवलेली आहेत. मालक वारले. तुझ्या रंध्याचा मालक अजून जिवंत आहे. ऊठ."

येसबा घराच्या ओट्यावर रिकामे बसले होते. शिष्याने रंधा त्यांच्यापुढे ठेवला. "चूक माझी होती. तुमच्या हातात बळ आहे," एवढेच त्याला बोलता आले.

येसबांनी मूठ धरली. या वेळी शिष्याने हाताकडे पाहिले. तीन बोटे लाकडावर बसत होती, पण पुरती नाही.

"हितं अजून एक गव्हाभर जायला पायजे," येसबा म्हणाले. "कानस हाय का?"

शिष्याने कानस दिली. जे करायला त्याला तीन दिवस लागले होते, त्यातली उरलेली कसर म्हाताऱ्याने पाच मिनिटांत काढली. मग जिन्याखालची एक फळी ओढून त्यांनी रंधा चालवला. दोन छिलके निघाले. तिसऱ्याला ते थांबले, फळीवरून तळहात फिरवला आणि आत सुनेला हाक मारली, "मास्तरांकडं पोराला धाड गं. म्हणावं, दारं दिली नसतील कुणाला तर देऊ नका."

मास्तरांनी सहा दारे अगोदरच दुसऱ्याला दिली होती. दोन उरली होती. येसबांनी ती केली.

दुसऱ्याची वस्तू, सवय किंवा संसार सुधारायला घेण्यापूर्वी, तो कुणी आधीच सुधारून ठेवला आहे का, एवढे विचारून घ्यावे. पुष्कळ मेहनत वाचते, आपलीही आणि त्याचीही.