नव्या लिनक्सचं पहिलं काम

सांगलीत एक कचेरी होती. तिथे शाळांसाठी मराठी लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, तयार होत असे. नव्या आवृत्तीत आधी कोणतं काम घ्यायचं, हे ठरवायला प्रमुख राजोपाध्ये सरांनी सभा बोलावली.

रंगसजावट करणाऱ्या शर्वरीने आपल्या कोऱ्या लॅपटॉपवर नवी रंगीबेरंगी स्क्रीन दाखवली. टाळ्या पडल्या आणि तिच्या सहकारी मृदुलाचा जीव नुसता जळाला. शाळांच्या जुन्या संगणकांवर नवी आवृत्ती चालावी, हे तिचं काम सर दर खेपेला पुढे ढकलत. आताही ते राहिलं, तर त्या शाळांतली मुलं बंद संगणकांसमोर बसणार होती.

"मृदुलाबाई, तुमच्या कामात बघण्यासारखं आहे काय?" सर हसले. "मतं घेऊ. जास्त मतं, ते काम आधी."

"चालेल सर," मृदुला गोड आवाजात म्हणाली. "फक्त मतं या नव्या आवृत्तीतच नोंदवू. चाचणीसाठी आणलेल्या शाळेच्या जुन्या संगणकावर मी ती चढवून ठेवलीय."

"घ्या की! पहिलं मत माझं." सरांनी ऐटीत संगणकाचं बटण दाबलं. पंखा घरघरला, स्क्रीन काळीच राहिली. सरांनी पुन्हा दाबलं, मग वर एक चापटही मारली.

"अहो, हे काय?"

"सर, माझंही मत शर्वरीच्या रंगांनाच आहे," मृदुला म्हणाली. "पण ते द्यायला संगणक आधी सुरू तर व्हायला हवा ना!"

सगळ्यांत आधी शर्वरीच खळखळून हसली. सरांनी मुकाट्याने फळ्यावर मृदुलाचं काम सर्वांत वर लिहिलं. तिच्या मनाची जळजळ निवली, तशी तुम्हाआम्हा सर्वांची निवो.