टुकीची चिंधी आणि चहाचा हत्ती

टुकी उंदरी एवढीशी. तिचं पांघरूण म्हणजे एवढीशी चिंधी. निळी निळी, मऊ मऊ. चिंधीशिवाय टुकीला झोप येत नाही म्हणजे नाही.

एक दिवस चिंधी खिळ्याला अडकली. टुकीने ओढली. टर्रर्र! मधोमध भोक पडलं.

टुकी रडली. मग शेपटीने डोळे पुसले आणि निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

हौसामावशी गोधडी शिवत बसली होती.

"मावशी, मावशी, माझी चिंधी शिव."

"कशी शिवू गं बाय? गोधडीबरोबर माझा पदरच शिवला गेला. हलता येईना. कात्री टाके कापेल, मग मी शिवेन."

तुरूतुरू, तुरूतुरू.

"कात्री, कात्री, टाके काप. मावशी शिवेना, मला झोप येईना."

"कशी कापू? कोंबडी माझ्यावर बसलीय. मला अंडं समजते. कोंबडी उठेल, मग मी कापेन."

तुरूतुरू, तुरूतुरू.

"कोंबडी, कोंबडी, ऊठ. कात्री कापेना, मावशी शिवेना, मला झोप येईना."

"कशी उठू? पिल्लू निघायचंय. पण भूक तर लागलीय. सूप दाणे पाखडेल, मग मी उठेन."

तुरूतुरू, तुरूतुरू.

"सुपा, सुपा, दाणे पाखड. कोंबडी उठेना, कात्री कापेना, मावशी शिवेना, मला झोप येईना."

"कसं पाखडू? अंगभर धूळ. फडकं मला पुसेल, मग मी पाखडेन."

तुरूतुरू, तुरूतुरू.

फडकं कोपऱ्यात तोंड फुगवून बसलं होतं.

"फडक्या, फडक्या, सूप पूस. सूप पाखडेना, कोंबडी उठेना, कात्री कापेना, मावशी शिवेना, मला झोप येईना."

"मी नाही जा. सगळे म्हणतात, शी, मळकं फडकं. कुणी मला नीट बघितलंय का? आधी बघ, मग मी पुसेन."

टुकीने वरून बघितलं. खालून बघितलं. उलटं होऊन बघितलं.

"अगबाई, हा हळदीचा डाग. हा तर सूर्य. आणि हा चहाचा डाग. याला सोंड आहे. याला कान आहेत. फडक्या, तुझ्यावर हत्ती आहे!"

"कुठे? कुठे?" फडक्याने वाकून स्वतःलाच बघितलं. "आहे की. छानच आहे."

मग काय, फडक्याने सूप पुसलं. फट फट.
सुपाने दाणे पाखडले. सळ सळ.
कोंबडी उठली. पक पक.
कात्रीने टाके कापले. कच कच.
मावशीचा पदर सुटला.

मावशीने सुईत दोरा ओवला. "पण भोकाला ठिगळ कशाचं लावू?"

"माझं," फडकं म्हणालं. "हे टोक घे. तिथे हत्तीचं पिल्लू आहे."

मावशीने ठिगळ लावलं. पिल्लाभोवती लाल दोरा फिरवला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. चिंधी इतकी सुंदर झाली की टुकी तिच्याकडे बघतच बसली.

उरलेलं फडकं मावशीने गोधडीच्या मधोमध शिवलं. वर सूर्य, खाली हत्ती. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

आणि पुन्हा पदर शिवला गेला.

"टुकी, कात्री कुठाय गं?"

कात्रीवर कोंबडी बसली होती. आणि टुकी? टुकी हत्तीच्या पिल्लाखाली गाढ झोपली होती. घुर्र, घुर्र.