थोरल्या शिष्याने घातलेली ओळ

फार पूर्वी, धर्माची वचनं पोथीत उतरवायची रीत पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा वचनं राहायची ती माणसांच्या तोंडी. तीर्थंकर बोलत, आणि त्यांचे गणधर, म्हणजे अगदी जवळचे थोरले शिष्य, ते बोलणं नीट गुंफून ध्यानात ठेवत आणि पुढच्यांच्या कानी घालत. तीर्थंकर गेले, गणधरही गेले, पण काम काही संपलं नाही. मागाहून प्रत्येक संघात कुणीतरी एक थोरला शिष्य तेच काम करीत राहिला. आपलं काही घालायचं नाही आणि गुरूंचं काही गाळायचं नाही, एवढंच त्याचं व्रत. ऐकायला सोपं वाटतं.

असाच एक संघ डोंगरातल्या एका लेण्यात उतरला होता. संघाचे आचार्य फार म्हातारे झाले होते. देह आता ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. पण त्याआधी आपल्याजवळचं सगळं वचन थोरल्या शिष्याला द्यायचं होतं. चाळीस अध्याय होते. रोज सकाळी आचार्य एक अध्याय म्हणायचे, थोरले समोर बसून ऐकायचे. संध्याकाळी आचार्य विचारायचे, "काही निसटलं का रे?" आणि थोरले म्हणायचे, "नाही, गुरुदेव." खरंच काही निसटायचं नाही. त्यांची स्मरणशक्तीच तशी होती.

शेवटचा अध्याय होता आजारी मुनीने कसं वागावं याचा. त्या सकाळी थोरल्यांचं मन जरा भरकटलं. उद्यापासून संघ आपल्या मागे चालणार, गावोगावचे लोक आपल्या पाया पडणार, असं काहीतरी मनात आलं. एवढंसंच आलं आणि गेलं. पण तेवढ्यात एक ओळ कानावरून निघून गेली.

संध्याकाळी आचार्यांनी रोजच्यासारखं विचारलं. एकोणचाळीस दिवस एकदाही न चुकलेला माणूस. थोरल्यांना लाज वाटली. ते म्हणाले, "नाही, गुरुदेव."

आचार्यांनी समाधानाने डोळे मिटले आणि मौन धरलं. ते मौन पुन्हा सुटलं नाही. काही दिवसांनी ते गेले.

मग थोरले संघाला पाठ देऊ लागले. ते एक ओळ म्हणत, बाकीचे पन्नास मुनी त्यांच्या मागे म्हणत. चाळिसावा अध्याय आला. "आजाराने पाय लटपटले, मुनीला उभं राहवेना, तर..." इथवर म्हणून ते थांबले. पन्नासजण तोंडाकडे बघत होते. 'मला इथं आठवत नाही,' एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. ते काही तोंडातून निघेनात. निघाली ती एक ओळ, तिथल्या तिथे जुळवलेली, त्याच चालीवरची: "दुसऱ्याच्या हाताने जो उभा राहिला, तो व्रतातून पडला."

ओळ कानाला चांगली वाटली. पन्नासजणांनी ती म्हटली. थोरल्यांनी मनाची समजूत घातली, की व्रत कडक पाळा असं सांगण्यात वाईट काय आहे.

त्या पन्नासांत एक मुनी मूळचे कुंभार होते. चाळिशीत दीक्षा घेतलेली, पाठांतर सावकाश. बाकीचे त्यांची थट्टा करायचे, की यांच्या हाताखाली माती लवकर मळते, गाथा काही मळत नाही. ते हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागायचे. एकेक शब्द दहा-दहा वेळा घोकायचे. पण एकदा पाठ झालं की त्यातला काना-मात्रा हलायचा नाही.

पावसाळ्याचे चार महिने संघ त्याच लेण्यात राहिला. भाद्रपदात कुंभारमुनींना ताप आला. ताप साधाच होता. पायथ्याच्या वस्तीत तोच ताप घरोघरी येऊन गेला होता, आणि पेज-कढण पोटात गेलं की माणसं चार दिवसांत उठत होती. पण त्या संघातल्या मुनींचा आहार दिवसातून एकदाच, तोही उभं राहून, आपल्याच ओंजळीत. कुंभारमुनी पहिल्या दिवशी कसेबसे उतरून धर्म पाळणाऱ्या एका श्राविकेच्या दारात गेले. बाईने ओंजळीत कढण घालायला पळी उचलली, तोच त्यांचे पाय लटपटले. बरोबरचे दोन मुनी दोन्ही दंडांना धरायला धावले. कुंभारमुनींनी मानेनेच नको म्हटलं, भिंतीला न टेकता तसेच खाली बसले, आणि त्या दिवशीचा आहार राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांना उतरवेना. तेव्हा ती बाईच वर आली. लेण्याच्या ओसरीत तीन दगड मांडून तिने मुगाचं कढण केलं. कुंभारमुनी उठायला गेले, पडले. ते दोन मुनी पुन्हा पुढे झाले. कुंभारमुनींनी पुन्हा नको म्हटलं, आणि हळू आवाजात ती ओळ म्हणून दाखवली. दोघेही मागे सरले. ओळ त्यांनाही पाठ होती.

थोरले तिथेच उभे होते. एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. पण त्यांना वाटलं, ताप उद्या उतरेल. माणूस बरा होईल, आणि आपल्यालाही बोलावं लागणार नाही.

बाई त्यांच्याजवळ आली. म्हणाली, "महाराज, तुम्ही सांगा की त्यांना. तुमचं ऐकतील ते."

"वचन आहे, बाई. मी काय सांगू?"

"वचनाला ताप येत नाही, महाराज. त्यांना आलाय," ती म्हणाली, आणि कढण तसंच झाकून ठेवून बसून राहिली.

तिसरा दिवस गेला. चौथा गेला. पाचव्या दिवशी कुंभारमुनींचे ओठ काळे पडले, हात उचलवेना. तेव्हा मात्र थोरले धावत जाऊन त्यांच्या उशाशी बसले. म्हणाले, "ऐका. ती ओळ गुरूंची नाही. मी विसरलो होतो, म्हणून मी घातली. ती माझी ओळ आहे. उठा, आम्ही धरतो तुम्हाला."

कुंभारमुनींनी डोळे उघडले आणि ते हसले.

"माझ्या मायेपायी एवढं खोटं, महाराज?"

"खोटं नाही. खरं सांगतो."

"तुम्ही गाळत नाही, घालत नाही. तेवढ्याच भरवशावर तर मी तुमच्या मागे म्हणत आलो. आता शेवटाला तो मोडू नका."

थोरल्यांनी पुन्हा सांगितलं. सगळ्या संघाला बोलावून, सगळ्यांसमोर सांगितलं. पण ते कुणालाच खरं वाटेना. एका म्हाताऱ्या मुनीने तर त्यांच्या पायाला हात लावला. शिष्याचा जीव वाचावा म्हणून एवढा मोठा माणूस दोष आपल्या अंगावर घेतोय, असं तो डोळे पुसत सगळ्यांना सांगू लागला. थोरले घसा सुकेपर्यंत बोलत राहिले. जितकं बोलले तितकी त्यांची थोरवीच वाढत गेली. आणि दिवस मावळायच्या आत कुंभारमुनी गेले.

ओसरीत बसलेल्या बाईला मात्र ते ऐकताक्षणी खरं वाटलं. ती कढणाचं भांडं उचलून खाली उतरून गेली. पुढे थोरले त्या वस्तीत आहाराला उतरले, की त्या बाईच्या दारात त्यांना आहार द्यायला कुणी उभं राहत नसे.

संघाला खरं पटायला महिना लागला. माझं खरं मानेपर्यंत आहार घेणार नाही म्हणून थोरल्यांनी अन्न टाकलं, तेव्हा कुठे पटलं. मग संघाने प्रायश्चित्त दिलं. त्यांच्या दीक्षेची सगळी वर्षं कापली गेली आणि ते सर्वांत धाकटे झाले. रांगेच्या शेवटी बसू लागले. पण चाळीस अध्याय त्यांच्याखेरीज अजून कुणाला पहिल्यापासून शेवटपर्यंत येत नव्हते, म्हणून पाठ मात्र त्यांनाच द्यावा लागे. शेवटी बसलेला माणूस म्हणायचा आणि पुढचे सगळे वळून ऐकायचे.

त्या ओळीपाशी आले की ते थांबत. म्हणत, "इथं गुरूंची एक ओळ होती. ती माझ्याकडून गेली." मग पुढची ओळ घेत.

ते दंड धरायला धावलेले दोन मुनी एकदा त्यांच्याकडे आले. त्यांचं म्हणणं होतं, की जागा अशी मोकळी कशाला ठेवायची. आजाऱ्याला दोघांनी दोन बाजूंनी धरावं, अशी ओळ घालून टाका. त्यात कुणाचं वाईट व्हायचं नाही.

थोरले म्हणाले, "आजाऱ्याला धरा. हे मी सांगतो, माझं म्हणून सांगतो. पटलं नाही तर माझ्याशी भांडा. गुरूंच्या तोंडी मात्र ते घालू नका."

त्यांनी पुढे पुष्कळ मुलूख पायी तुडवला. दुसऱ्या संघांत जाऊन ती ओळ कुणाला येते का, म्हणून विचारलं. चाळिसावा अध्यायच कुणाला येत नव्हता. ओळ सापडली नाही. म्हातारे होऊन ते गेले, आणि त्यांच्यामागे त्यांचे शिष्य त्या जागी आले की थांबत, एक ओळ नाही असं सांगत, आणि पुढे म्हणू लागत.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर माणसं डोळे मिटून चालतात, त्याने आठवत नसेल तिथे आठवत नाही म्हणावं, आणि वेळेवर म्हणावं; उशिरा सांगितलेलं खरं कुणाच्या कामी येत नाही.